रुग्णवाहिका 'रिकामीच असते' म्हणणाऱ्यांना

परवा बाबांबरोबर म्हापशाहून पणजीला येत होतो. पर्वरीत नेहमीची रांग लागली होती. मागून सायरन ऐकू आला. बाबांनी आरशात पाहिलं आणि गाडी होती तिथेच ठेवली. म्हणाले, "रिकामीच असते ती. कोंडीतून सुटायला वाजवतात." मी ओरडलो, तेव्हा कुठे त्यांनी गाडी कडेला घेतली. बाबांनी जन्मभर नियम पाळून गाडी चालवली आहे. हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते घरी आल्यावर कळलं. आमच्या घरच्या ग्रुपवर 'गोव्यातल्या कोंडीचं सत्य' नावाचा मेसेज आला आहे आणि तीन नातेवाइकांनी तो पुढेही पाठवला आहे.

त्यातले दावे थोडक्यात असे: कोंडी म्हणजे निव्वळ वाहतूक पोलिसांची नालायकी, बाकी खात्यांचा संबंध नाही. खात्यांच्या एकत्र बैठका म्हणजे वेळकाढूपणा. पर्यटकांच्या गाड्या बंद केल्या की रस्ते मोकळे. आणखी एक पूल झाला की प्रश्न मिटला. आणि शेवटी, रुग्णवाहिका बहुतेक रिकाम्या असतात, वाट देऊ नका.

शेवटचा दावा आधी घेतो, कारण त्याने माणूस मरू शकतो. रुग्णवाहिका रिकामी असेल तर ती कुठे चालली आहे? कुणाला तरी आणायला! हृदयविकाराचा झटका आलेला माणूस घरात पडलेला असतो, तेव्हा त्याच्याकडे येणारी गाडी रिकामीच असणार. पुढच्या गाडीत बसून आत रुग्ण आहे की नाही हे ठरवणारे आपण कोण? कायदाही ते विचारत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 194ई सांगतं की रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाची गाडी येताना बाजूला न होणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. आत कुणी आहे का, ही अट त्यात नाही. बार्देश तालुक्यातला गंभीर रुग्ण बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, न्यायचा तर पर्वरी, मांडवीचा पूल आणि मेरशी पार करावी लागते. त्या वाटेवर एक मिनिट म्हणजे काय, ते ज्यांच्या घरचं माणूस आत होतं त्यांना विचारा.

आता 'सगळा दोष पोलिसांचा'. तीच पर्वरी बघा. उड्डाणपुलाचं काम कंत्राटदार करतो, महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, वाहतूक वळवण्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, उन्हात उभा राहतो तो पोलीस. वळवलेल्या गाड्या आतल्या रस्त्यांवर येतात, तिथे पंचायतीचाही संबंध येतो. यातल्या एकाने दुसऱ्याला न कळवता काही केलं, तर चौकात उभा असलेला शिपाई काय करणार? पणजीतही तेच. बस कुठे थांबावी, गाडी कुठे लावावी, हे एकटे पोलीस ठरवत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्याच कलम 117 नुसार राज्य सरकार किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने ते स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायचं आहे. पणजीत ती स्थानिक संस्था म्हणजे महापालिका. म्हणजे एकत्र बसणं ही कुणाची हौस नाही, ते कायद्यातच लिहिलं आहे.

बैठकांबद्दलच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. स्मार्ट सिटीच्या कामांत पणजीचे रस्ते एकामागून एक खणले गेले, 2024 मध्ये धुळीची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. खात्यांचं आधीच नीट बोलणं झालं असतं तर ती वेळ आली नसती. पण यावरून 'बैठका बंद करा' हा निष्कर्ष कसा निघतो? सर्वोच्च न्यायालयाने 30 नोव्हेंबर 2017 च्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती नेमायला आणि तिच्या ठरावीक काळाने बैठका घ्यायला सांगितलं. त्या समितीत पोलीस, आरोग्य, बांधकाम, वाहतूक या सगळ्यांनी असायचं आहे. मागायचंच असेल तर त्या बैठकांचं इतिवृत्त मागा: काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत.

पर्यटकांचं म्हणाल, तर जूनमध्ये शाळा उघडतात, पाऊस असतो, पर्यटक कमी असतात, तरी सकाळी नऊला पणजीच्या दिवजा सर्कलजवळ आपल्याच गाड्या अडकतात. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख होती. नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा त्याच्याही पुढे गेला आहे.

पुलाचा दावा तर एका ओळीत संपतो. मांडवीवरचा अटल सेतू 2019 पासून उभा आहे, आणि मी परवा पर्वरीच्या रांगेत होतो.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्या तिघांपैकी मावशीने तो काढून टाकला, दोघांनी अजून नाही. बाबांनी कलम 194ई दोनदा वाचलं आणि विचारलं, "त्या दिवशी आत कुणी होतं का रे?" मला माहीत नव्हतं.