भिशीची चिठ्ठी आणि औषधचाचणीची सोडत

इंदूरमधल्या कुठल्याही भिशीत चिठ्ठी कशी निघते बघा. सगळ्या चिठ्ठ्या एकाच वहीच्या, घडी सारखी, डबा सगळ्यांसमोर हलवायचा आणि उचलायला एखादं लहान पोर. तरीही "आधी डबा रिकामा करून दाखवा" म्हणणारी एक वहिनी असतेच. याच वहिनींना औषधचाचणीवाले सांगतात, "एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला सध्याचेच उपचार. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवतो." त्यांनी का म्हणून विश्वास ठेवावा?

या शहराला संशय घ्यायचा हक्कही आहे. औषधचाचण्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेणारी स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना इंदूरचीच, साल २०१२. पुढच्याच वर्षी न्यायालयानं संमती घेताना चित्रीकरण करायला सांगितलं. २०१९च्या नियमांत ती अट ठरावीक चाचण्यांपुरतीच उरली.

आमच्या मते पहिली चूक शब्दांत होते. 'यादृच्छिकीकरण', म्हणजे कोण कुठल्या गटात ते निव्वळ नशिबावर सोडणं, हा शब्द कुणाला कळत नाही, म्हणून कार्यकर्ते 'लॉटरी' म्हणतात. पण लॉटरीत बक्षीस असतं. ज्याला नवं औषध मिळालं नाही तो घरी जाऊन सांगतो, माझा नंबर लागला नाही. नवं औषध चांगलं हे आधीच माहीत असतं तर चाचणी कशाला केली असती? त्यापेक्षा नाणेफेक म्हणा. क्रिकेटवीर सी. के. नायडूंच्या गावात ते समजावून सांगावं लागत नाही.

आता गोम अशी, की एकेका रुग्णाची सोडत असेल तर पुढची चिठ्ठी कुणालाच दिसता कामा नये. डॉक्टरलाही नाही. डॉक्टरला पुढचा गट कळला की दया आडवी येते, अशक्त म्हातारी दुसऱ्या दिवशी बोलावली जाते आणि दोन्ही गट सारखे राहत नाहीत. म्हणून सम-विषम केसपेपर किंवा सोमवारी हे, मंगळवारी ते, ही सोडत नव्हेच. लिफाफे वापरत असाल तर क्रमांक घातलेले, आत चांदीचा कागद, नाहीतर बल्बसमोर धरून वाचतात. आधी संमती, मग तपासणी, मग बंद लिफाफ्यावर नाव आणि तारीख. आतल्या कार्बनमुळे ते चिठ्ठीवर उमटतं. त्यानंतरच फोडायचा. दोन्ही गट सारखे भरावेत म्हणून चिठ्ठ्यांचे चार-चारचे ठोकळे केले तर प्रत्येकात दोन्ही गटांच्या दोन-दोन, मांडण्या फक्त सहा. चिठ्ठ्या उघड असतील तर तीन निघाल्यावर चौथी कुणीही ओळखेल. ठोकळे लहानमोठे ठेवा आणि त्यांचा आकार दवाखान्यात कुणाला सांगू नका. ही लपवाछपवी नाही, हे लोकांना आधीच सांगायला हवं: पत्ते पिसताना सगळे बघतात, पान मात्र पालथंच असतं.

बस्त्यांची सोडत असेल, म्हणजे अख्खी बस्तीच एका गटात जाणार असेल, तर उलट, सगळं मैदानात. १६ बस्त्या आठ-आठ वाटायच्या १२,८७० तऱ्हा आहेत. नाल्याकाठच्या सगळ्या बस्त्या एकाच बाजूला पडतील अशा तऱ्हा गाळायच्या. उरलेल्यांतून १,००० घेऊन ००० ते ९९९ क्रमांक द्यायचे. ही यादी सोडतीच्या आदल्या दिवशी छापून वस्तीच्या ताब्यात, प्रत्येक पानावर सही. सोडतीनंतर यादी बाहेर काढलीत तर सगळं मुसळ केरात. तीत प्रत्येक बस्ती साधारण ५०० वेळा या बाजूला आणि ५०० वेळा त्या बाजूला आहे, हेही मोजून दाखवा.

मग कापडी पिशवी आणि ० ते ९ आकड्यांचे दहा एकसारखे चेंडू. पिशवी उलटी करून दाखवायची, चेंडू लोकांच्या हातात फिरवायचे, तीनदा काढायचे. काढलेला चेंडू दर वेळी परत टाकायचा, नाहीतर ४४७ कधी निघणारच नाही आणि गणपतीत तंबोला खेळलेली बाई ते बरोबर पकडेल. चेंडू नगरसेवकानं काढू नये, डॉक्टरनंही नाही. आकडा मोठ्यानं वाचा आणि तिथेच पंचनामा करा.

आणि चाचणीत येणाऱ्या घरांची नोंद सोडतीच्या आधी पुरी करा. आपली बस्ती कुठल्या बाजूला ते कळल्यावर एकीकडे रांग लागते, दुसरीकडे दारं बंद होतात.

नवं औषध न मिळणाऱ्या बाजूला काय मिळणार, हा प्रश्न पहिल्याच सभेत येतो. सध्याचे उपचार पूर्ण मिळतील, एवढं ठामपणे सांगा. "नंतर सगळ्यांना नवं देऊ" हे पैशांची तरतूद कागदावर असेल तरच. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे देशातल्या औषधचाचण्यांची नोंदवही, तिच्यातला नोंदणी क्रमांक त्याच सभेत फळ्यावर लिहा. २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे आणि कुणाचाही मुलगा मोबाइलवर ती उघडून बघू शकतो.