‘सैनिक पगारासाठी जात नाही’ म्हणणाऱ्यांना

दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला एक मेसेज हटकून येतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो, मग नातेवाइकांच्या, मग शाळासोबत्यांच्या. मजकूर थोडक्यात असा: सैनिक पगारासाठी जात नाही, तो फक्त देशासाठी जातो. तो सियाचीनला उणे पन्नासमध्ये उभा आहे आणि तुम्ही खड्ड्यांची नि लोकलच्या गर्दीची रड लावता. लष्कराबद्दल प्रश्न विचारणारा जवानांचं मनोधैर्य खच्ची करतो. पाठिंबा द्यायचाय? डीपीला तिरंगा लावा आणि गप्प बसा.

पाठवणाऱ्यांच्या भावनेवर मला शंका घ्यायची नाही. पण यातलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की जवान त्यातून निसटतो आणि उरतो तो आपलाच उमाळा.

‘पगारासाठी जात नाही.’ आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा धाकटा भांडुपच्या टेंभीपाड्यात राहतो आणि पहाटे पाचला हायवेच्या सर्व्हिस रोडला धावतो. त्याला विचारलं, आर्मीच का रे? म्हणाला, “काका, आर्मी निघाली तर आर्मी, नाहीतर पोलीस, नाहीतर एसआरपी. वय निघून जायच्या आत कुठेतरी लागायचं.” सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं की पूर्ण मार्क, दहा बीम मारले की त्याचे पूर्ण, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ. त्याचा सोळाशे पाच-चाळीसला येतो. ते वरचे दहा सेकंद हा सध्या त्याच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. उजव्या बुटाचा तळ एका अंगाने झिजलाय, आत पुठ्ठा घातलाय. मनगटावर तिरंगी बँड आहे, स्टेटसला रायगड आहे, आणि मावशींचा हिशेब असा की हा लागला की खोलीचं भाडं सुटेल. देश आणि पगार यांतलं एक निवडावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. ते फक्त फॉरवर्ड करणाऱ्यांना ठाऊक आहे.

आणि हे आजचं नाही. साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत एक भाऊ शेतावर, एक मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत, अशी वाटणीच असायची. मनीऑर्डर दोन्हीकडून यायची. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. मेसेजमधलं पहिलं वाक्य खरं मानायचं तर त्या ४६ जणांना कुठे बसवायचं?

पगाराच्या पलीकडचंही एक कारण आहे, आणि तेही मेसेजला माहीत नाही. कोकणातल्या महार कुटुंबांना गावात पाणवठा बंद होता, पलटणीत मात्र मुलांना शाळा होती. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ सालचा, महूच्या छावणीतला. पुढे इंग्रजांनी ठरावीक जातीच लढू शकतात, असं ‘लढाऊ जातीं’चं थोतांड काढलं आणि १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली. त्यावर अर्ज लिहिले ते पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी, मग १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. ही माणसं नोकरी मागत होती, मुलांसाठी शाळा मागत होती, मान मागत होती. त्यात कमीपणा कसला?

भरती होण्याचं कारण पोटाचं असलं म्हणून पुढचं शौर्य उणं होत नाही. अग्निशमन दलातला माणूसही पगार घेतो, आणि भडकलेल्या इमारतीत शिरतोही.

हे इतकं ताणून सांगण्याचं कारण असं, की ‘तो पगारासाठी जातच नाही’ असं एकदा ठरलं की त्याच्या पगाराबद्दल बोलणंच अशिष्ट ठरतं. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले २१ हजार हातात. शेवटी सेवानिधीचे साधारण ११.७१ लाख, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, फार तर २५ टक्के कायम होणार. ज्यांचं ग्राउंड आणि मेडिकल आधीच निघालं होतं आणि कोविडमुळे लेखी परीक्षा अडकली होती, त्यांची ती भरतीच रद्द झाली. योजनेच्या बाजूनेही मुद्दे आहेत: सैन्य तरुण राहावं, पेन्शनचा बोजा आवरावा. त्यावर वाद घालता येतो. पण ती पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा ग्रुपवर काय आलं? ‘देशसेवा करायचीय की पेन्शन हवीय?’ प्रश्न विचारणाऱ्या काकांना स्वतःला बँकेची पेन्शन आहे.

सियाचीनचं वाक्य नोटाबंदीच्या रांगांपासून चलनात आहे. त्याला फार वेळ द्यायची गरज नाही. जवानाची आईही त्याच रांगेत होती, त्याची बायकोही आठ-बाराच्या स्लो लोकलला लटकते. आणि खरंच सियाचीनची काळजी असेल तर फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेला, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल बघा. अतिउंचावरच्या जवानांसाठीचे बर्फातले बूट, गॉगल आणि खास कपडे यांच्या खरेदीत झालेली दिरंगाई आणि तुटवडा त्यात लिहिलाय. तो अहवाल कुणी फॉरवर्ड केलेला मला आठवत नाही.

आता ‘प्रश्न विचारू नका’. सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. १९५० च्या लष्कर कायद्याचं कलम २१ सैनिकाच्या संघटना करण्यावर, वर्तमानपत्रांशी बोलण्यावर बंधनं घालायची मुभा देतं. शिस्तीसाठी ते लागतंही. म्हणजे नोकरीत असेपर्यंत तो स्वतःसाठी बोलू शकत नाही. त्याच्या वतीने बोलायचं कुणी? आणि मेसेज नेमकं आपल्यालाच गप्प बसायला सांगतो.

बोलणाऱ्याचं काय होतं तेही पाहिलंय. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने पाणचट डाळीचा आणि करपलेल्या पोळीचा व्हिडिओ टाकला. एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. निवृत्तांची गत वेगळी नाही. ‘समान पद, समान पेन्शन’साठी २०१५ च्या उन्हाळ्यात माजी सैनिक जंतरमंतरवर बसले, आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांना तिथून हुसकावलं. छातीवर पदकं लावलेल्या म्हाताऱ्यांची ओढाताण टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. अपंगत्वाच्या पेन्शनचे खटले जवान जिंकायचे आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात जायचं. डिसेंबर २०१४ मध्ये अशी आठशेहून जास्त अपिलं न्यायालयाने एका फटक्यात फेटाळली. सैनिकांचे असे दावे ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ आपल्या मलबार हिललाच आहे. तिथे जाणारे लोक मनोधैर्य खच्ची करायला जात नाहीत, हक्काचे पैसे मागायला जातात.

आणि पाठिंबा कसा देतात हे मुंबईला कुणी शिकवायला नको. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी जेवणावर आणि कामावर बहिष्कार टाकला. सुरुवात कशावरून? खाण्याजोगं नसलेलं जेवण, गोऱ्यांच्या तुलनेत तुटपुंजा पगार आणि कमांडरच्या शिव्या. मग मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आली, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलवा हेही आलं. डाळ, पगार आणि स्वातंत्र्य एकाच कागदावर. तीन-चार दिवसांत जहाजांची आणि नौसैनिक राहायचे त्या कॅसल बॅरॅक्सची कोंडी झाली, रसद तुटली, तेव्हा लोक पुड्या, फळं, पाव घेऊन गेटवेवर गेले. हॉटेलवाल्यांनी पैसे न घेता अन्न दिलं. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर गोळीबार झाला, दोनशेहून जास्त माणसं मेली. मोठ्या पुढाऱ्यांनी नौसैनिकांना शरण जायचा सल्ला दिला. ते शरण गेले, बडतर्फ झाले, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही. गेटवेवर पाव घेऊन गेलेल्यांनी ‘पगारासाठी भांडता?’ असं विचारलं नव्हतं.

त्याच कुलाब्यात ‘आदर्श’ सोसायटीची एकतीस मजली इमारतही उभी आहे. कारगिलच्या जवानांच्या नावाचा तिच्याभोवती केवढा गजर झाला, आणि सभासदांच्या यादीत सापडले माजी लष्करप्रमुख आणि पुढाऱ्यांचे नातलग. असो.

राहता राहिला डीपी. लावा की, कोण नको म्हणतंय. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून आहे, त्या निधीत पैसेही टाका. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुढे भरत जातील, आणि जे कायम होणार नाहीत त्यांतले काही आपल्याच गेटवर वॉचमनच्या निळ्या शर्टात दिसतील. एक माजी सैनिक तर आत्ताच आहेत. आमच्या रात्रपाळीला असतात ते हवालदार म्हणून निवृत्त झालेत. आपण त्यांना मानाने ‘हवालदारसाहेब’ म्हणतो आणि बारा तास बसवतो. मे महिन्यात त्यांनी केबिनमध्ये पंखा मागितला होता. वायरिंगचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर कमिटीचं एकमत झालं नाही, विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला, आणि तोवर पाऊस आला. पुढच्या सभेसाठी मी तो विषय लेखी दिलाय. अनुमोदक हवाय, ज्यांनी ज्यांनी मेसेज फॉरवर्ड केला त्यांच्यापैकी कुणीही चालेल.