मे महिन्यातल्या लग्नात नवरदेवाला मखमल नको

उन्हाळी लग्नसराईत नवरदेवाच्या अंगावर मखमलीची शेरवानी आणि बाकी पुरुष मंडळींच्या अंगावर पॉलिस्टरचं अस्तर लावलेला ब्लेझर, हे आपल्या बेळगावात आता थांबायला हवं. मी शिंपीकाम करतो, म्हणून हे लिहितोय. एप्रिल-मेमध्ये जे कपडे आमच्याकडून शिवून जातात, ते मंगल कार्यालयात भर बाराला घालणाऱ्याचे काय हाल करणार हे मला शिवतानाच कळत असतं. अक्षता पडेपर्यंत नवरदेवाची पाठ भिजून चिंब, फोटोत चेहरा तेलकट, आणि जेवणाच्या पंगतीत सगळ्या मामा-काकांचे ब्लेझर खुर्चीच्या पाठीवर. चार तास अंगावर ठेवता येत नाही त्या कपड्याला एवढे पैसे कशाला घालायचे?

बेळगावला पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. आताचा एप्रिल तसा राहिलेला नाही. वळीव पडला तर संध्याकाळ बरी जाते, नाहीतर रात्रीसुद्धा अंग चिकचिकतं.

उकाड्याचं खापर आपण रंगावर फोडतो, पण खरी करामत धाग्याची असते. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण 8.5 टक्के धरून ठेवतो, लिनन 12 टक्के. पॉलिस्टर 0.4 टक्के, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. घाम कापडात शिरतच नाही, अंगावरच राहतो. आता एखादा स्वस्तातला रेडिमेड ब्लेझर उसवून बघा. वरचं कापड कॉटनमिक्स असेल, पण छातीला आतून फ्युजिंग, म्हणजे कडकपणासाठी लावतात ते कापड, चिकटवलेलं, खांद्यात पॅड, आणि गळ्यापासून खालपर्यंत पॉलिस्टरचं चकचकीत अस्तर. अंगाला लागतं ते अस्तर. वरच्या कापडाच्या लेबलवर काय छापलंय याला मग अर्थ राहत नाही.

कोटातलं अस्तर आणि पॅड काढून टाकायचं, हा उपाय मी शोधलेला नाही. इटलीतलं नेपल्स हे गरम हवेचं बंदर. तिथल्या शिंप्यांनी 1930 च्या दशकातच कोटातलं पॅड आणि अस्तर काढून टाकायला सुरुवात केली. विन्चेन्झो अत्तोलिनी हे नाव त्यात पहिलं घेतलं जातं. पुढे 1970 च्या दशकात जॉर्जिओ अरमानी यांनी तीच मोकळी, मऊ खांद्याची जाकिटं जगभर नेली आणि पुरुषांच्या कपड्यांची चालच बदलली. सप्टेंबर 2025 मध्ये ते गेले, तेव्हा मी दुकानातल्या पोरांना मुद्दाम त्यांचे जुने फोटो दाखवले. खांदा कसा पडतो ते बघा म्हटलं. कापड अंगावरून ओघळतं, अंगाला आवळत नाही. आपल्याकडे मात्र अजून गिऱ्हाईक येतं ते एकच सांगतं, ‘अण्णा, एकदम फिट पाहिजे बघा.’ पोटाला ताणून बटण लावायचं आणि मांडीला चिकटणारी पँट घालायची, मग हवा जाणार कुठून?

गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांतले मोठे फॅशन शो बघितले तर सगळीकडे ढिलेपणाच दिसतो. प्लेट घातलेल्या रुंद पँटी, नाडीची कंबर, उघड्या कॉलरचे अर्ध्या बाहीचे शर्ट, अस्तराशिवाय जाकीट, आणि पायात बुटांऐवजी सँडल. जून 2025 मध्ये पॅरिसला लुई व्हिताँ या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तर जमिनीवर भलामोठा सापशिडीचा पट मांडला होता, आपले वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईबरोबर केलेला. त्याच आठवड्यात मिलानला प्राडा या इटालियन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायात जे दिसलं ते तर सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिलंच. आपली कोल्हापुरी चप्पल! अंगठा, पट्टा, वेणी, सगळं तेच, आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नाही. ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकार या दोन्ही सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन्ही राज्यांत मिळून 2,000 जोड करायचे, जोडाची किंमत सुमारे 800 युरो. रुपयांत मोजली तर 80,000 च्या वर जाते.

त्या वेळी सगळा राग ‘त्यांनी आपलं चोरलं’ यावर निघाला. तो रास्तच होता. पण मला राहून राहून दुसरंच वाटत होतं. या चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तिकडचे, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर इकडचे. अथणी, निपाणी, चिकोडी हा सगळा पट्टा आपलाच. आणि बेळगावातल्या लग्नात फेटा बांधून, धोतर-सदरा घालून उभ्या राहणाऱ्या किती जणांच्या पायात हाती केलेली चप्पल असते? बहुतेकांच्या पायात रेक्झिनची मोजडी. ती तासाभरात पाय उकडते आणि वर्षाच्या आत तिचे पोपडे निघतात.

खरी चप्पल हातात घेऊन बघा. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवलेलं कातडं, म्हणून तो मधासारखा रंग. त्यावर रंग मारावा लागत नाही. तळ शिवलाय तोही कातड्याच्याच वादीनं, खिळा नाही. वरची वेणी बघा, इतक्या बारीक वाद्या की बोटात धरवत नाहीत, आणि ते काम बऱ्याच घरांत बायकाच करतात. पहिले काही दिवस चावते, हे खरं. थोडं तेल लावायचं, संध्याकाळी घरातल्या घरात घालायची, मग ती पायाचा आकार धरते. एकदा धरली की दुसरं काही घालावंसं वाटत नाही. पावसात मात्र काढून ठेवायची.

कापडाचंही तेच. हुदली आपल्या तालुक्यात. स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांड्यांचं गाव, 1937 मध्ये गांधीजी तिथे येऊन राहिले होते, आणि तिथे खादीचं काम आजही चालतं. 1924 चं काँग्रेस अधिवेशन आपल्या टिळकवाडीत झालं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढं एकच. त्याची शताब्दी आपण रोषणाई करून साजरी केली. त्या रोषणाईखाली फिरणाऱ्या तरुणांच्या अंगात हुदलीची खादी किती होती? खादी म्हणजे पुढाऱ्यांचा पांढरा कडक सदरा, हे डोक्यातून काढा. जाडसर खादीचं बिनअस्तराचं जाकीट, हळदी रंगाचं किंवा विटकरी, कोपराला नैसर्गिक चुण्या पडलेलं, हे मिलानच्या कुठल्याही शोमध्ये शोभेल.

आता दराचं बोलतो, कारण सगळी गाडी तिथंच अडते. बिनअस्तराचं जाकीट सांगितलं की गिऱ्हाईक, मराठी असो की कन्नड, हमखास म्हणतं, ‘अस्तर नाही म्हणजे शिलाई कमी घ्या की.’ अहो, अस्तर आतली सगळी घाई झाकतं. ते काढलं की प्रत्येक शिवण उघडी पडते. मग प्रत्येक कडेला पाइपिंग, म्हणजे कापडाची बारीक पट्टी, करावं लागतं, खिशाची मागची बाजू पुढच्यासारखीच नीट करावी लागते, बाही हातानं बसवावी लागते. काम वाढतं. चपलेचंही तसंच, लपवायला जागा नसते म्हणून हात साफ लागतो. अथणीच्या कारागिराशी दोनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करायची आणि मॉलमध्ये छापील किंमत गुमान मोजायची, हे मला बघवत नाही. चप्पल करणाऱ्यांच्या घरांतली पोरं वेणी शिकायला तयार नाहीत. शिंप्यांच्या घरातलीही नाहीत. का शिकावं त्यांनी? ज्या दरात घर चालत नाही त्या दराला आपण परंपरा म्हणून टाळ्या वाजवतो, आणि प्राडानं किंमत लावली की तोंडात बोट घालतो.

म्हणून यंदा घरात लग्न असेल तर नवरदेवाला खादीचं किंवा लिननचं बिनअस्तराचं जाकीट, आत मलमलचा कुर्ता, खाली मोकळी पँट किंवा धोतर, आणि पायात अथणीची चप्पल एवढं करून बघा. लिननला चुरगळ पडते अशी तक्रार घरातली मोठी माणसं करतील. पडू दे. लिनन तसंच असतं, आणि ते तसंच छान दिसतं. भावांना आणि मित्रांना एकसारखे ब्लेझर भाड्यानं आणण्यापेक्षा एकाच ताग्यातून सुती नेहरू जाकिटं शिवा. ती नंतर ऑफिसला, गणपतीत, कुठंही चालतात.

फक्त वेळेवर या. मेमधल्या लग्नाचं कापड मार्चमध्ये आणा. खादीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बहुधा लहान असतो, त्यामुळे घेण्याआधी किती मीटर लागेल ते शिंप्याला विचारून घ्या. खादी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच कापायची, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही वर चढते. जाकिटाला दोन ट्रायल लागतात. मापाची चप्पल करून घ्यायची तर कारागिरालाही तेवढे दिवस द्यावे लागतात. लग्न आठ दिवसांवर आल्यावर कापड घेऊन आलात तर पाइपिंगला वेळच उरत नाही, आणि मग मलाही अस्तरच लावून द्यावं लागतं.