मँचेस्टरची मिरची : सांगलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. इंग्लंडात आल्यावर कुंडीत मिरची कशी लावावी, या माझ्या लेखावर तुम्ही सांगलीहून सविस्तर लिहिलंत. आक्षेप तीन आहेत. मिरची उन्हाचं पीक, थंड मुलखात ती हीट मॅट (कुंडीखाली ठेवायची विजेची गरम चटई) आणि दिवे लावून वाढवणं हा नुसता हट्ट. तिखटपणा मातीत असतो, त्यामुळे तिथली मिरची मिळमिळीतच होणार. आणि घरचं संकेश्वरीचं बी सामानातून आणू नका, असं लिहून मी देशी वाणाचा अपमान केला.

तिखटापासून सुरुवात करते, कारण हा समज फार पसरलेला आहे. तिखटपणा मातीत नसतो, वाणात असतो. मिरची चिरली की बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या दिसतात, तिथे कॅप्सायसिन तयार होतं, आणि ते करायचं की नाही हे झाडाच्या जनुकांत ठरलेलं असतं. ढोबळी मिरची आणि तिखट ज्वाला मिरची ही एकच प्रजाती. तरीही तुमच्या काळ्या मातीत लावली म्हणून ढोबळी तिखट होत नाही. पाण्याचा ताण आणि उष्णता यांनी तिखटपणा कमीजास्त होतो, हे मान्य. म्हणून फळं धरल्यावर पाणी बेताचं द्या, असं मी लेखात सांगितलं होतं. इथल्या कुंडीतल्या मिरचीचा ठेचा खाताना घाम येतो, हे मी खात्रीने सांगते.

आता ऊन. जूनमध्ये मँचेस्टरला दिवस सतरा तासांचा असतो. पाचच्या आत उजाडतं आणि रात्री साडेनऊनंतर मावळतं. तेव्हा उजेड भरपूर असतो. अडचण आहे ती रात्रीची. ऐन जुलैतही इथलं रात्रीचं सरासरी तापमान 12-13 अंशांच्या आसपास असतं, आणि 15 अंशांच्या खाली रात्री जाऊ लागल्या की मिरचीचं फूल धरत नाही, देठासकट गळतं. नवीन आलेली माणसं फूलगळ बघून खत वाढवतात, पाणी वाढवतात. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार होतं आणि फळ आणखी लांबतं. कुंडी काचेआड घ्या, रात्री खिडकी बंद ठेवा, फुलं आली की दुपारी फांदी हलकेच हलवा. मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळतं, एवढं हलवणं पुरतं. खत द्यायचंच तर टोमॅटोसाठी मिळतं ते, पोटॅश जास्त असलेलं द्रवखत.

हीट मॅट आणि दिवा लागतो तो फक्त सुरुवातीला. बी रुजायला 25 ते 30 अंशांची ऊब हवी, गार मातीत ते कुजतं. इथे मेच्या मध्यापर्यंत दहिवराची, म्हणजे गोठणाऱ्या दवाची, भीती आणि ऑक्टोबरात पुन्हा गारठा, म्हणजे झाडाला बाहेर मोकळे मिळतात जेमतेम चार महिने. तेवढ्यात बियांपासून लाल मिरचीपर्यंत पोचता येत नाही. म्हणून फेब्रुवारीत घरात पेरायचं, आणि तेव्हाचा उजेड अपुरा म्हणून दिवा, नाहीतर रोपं लांबुडकी होऊन पडतात. याला तुम्ही हट्ट म्हणता. आपल्याकडेही मिरची थेट रानात न पेरता आधी रोपं तयार करतातच. इथे ती रोपवाटिका खिडकीत आहे, इतकंच.

थंड मुलखात मिरचीला जागा नाही, असंही नाही. हंगेरीत सेगेद आणि कालोचा ही गावं मिरचीवरच ओळखली जातात. सेगेदमध्ये शास्त्रज्ञ सेंट-ग्योर्गी यांनी तिथल्याच पाप्रिकातून (हंगेरियन मिरचीतून) क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळं केलं, आणि 1937 साली त्यांना नोबेल मिळालं. फ्रान्सच्या बास्क भागात, भरपूर पावसाच्या एस्पलेत गावात, घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत असतात. दोन्हीकडे लोकांनी आपल्या हंगामात बसणारे वाण राखले. नवख्याने पहिल्या वर्षी हंगेरियन हॉट वॅक्स किंवा अपाची लावावी, असं मी म्हटलं ते याचसाठी. संकेश्वरी पावसाळ्याच्या तोंडाशी लागते आणि हिवाळ्यात लाल होते. तिला हवा असलेला लांब, कोरडा शेवट मँचेस्टरमध्ये मिळत नाही.

बियांबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. भारतातून मिरचीचं बी ब्रिटनमध्ये आणायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. टोमॅटो ब्राउन रुगोज फ्रूट व्हायरस हा विषाणू टोमॅटो आणि मिरची दोन्हींवर येतो, बियांतून पसरतो, हातांनी आणि अवजारांनीही पसरतो. 2019 साली तो इंग्लंडमध्ये टोमॅटोवर सापडला. काचघरात शिरला तर सगळं पीक उपटायची वेळ येऊ शकते. ज्यांचं पोट त्या पिकावर आहे, त्यांचा विचार शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. ज्या वाणावर आपलं प्रेम आहे, त्याच्या नावाने कुणाच्या पिकात रोग शिरावा, हे मला पटत नाही.

जाता जाता तुम्ही लिहिलंत की झाड दुसऱ्या वर्षी ठेवण्यात अर्थ नाही. रानात ते बरोबर आहे. चुरडा-मुरडा हा पानं आकसवणारा रोग येतो आणि पुढच्या पिकाला जागा हवी असते. पण मिरची मुळात बहुवर्षायू आहे. ऑक्टोबरात छाटून कुंडी घरात घेतली, पाणी अगदी कमी केलं आणि मावा या रस शोषणाऱ्या किडीवर नजर ठेवली, तर वसंतात फुटवे येतात आणि बियांपासूनच्या रोपाच्या कितीतरी आधी फळ लागतं. इथल्या आखूड हंगामात हा फायदा फार मोठा आहे.

तुमच्याकडून एक माहिती हवी आहे. संकेश्वरीचं बियाणं राखताना तुमच्या घरी कोणत्या तोड्याची मिरची निवडतात, आणि निवडताना झाड बघतात की फळ? इथे बरेच जण स्वतःच्या कुंडीतलं बी धरू लागले आहेत. तुम्ही सविस्तर लिहिलंत तर मूळ लेखात तुमच्या परवानगीने जोडते.