शिंपल्यांचा चुरा कोंबडीच्या पिल्लांना घालू नका

‘तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) शिंपल्या कुटून कोंबड्यांच्या खाद्यात मिसळा, पिल्लांनाही द्या, अंडी वाढतात,’ असा संदेश गोव्यात फिरतोय. शिंपल्यांतल्या कॅल्शियमने अंड्याचं कवच घट्ट होतं, एवढंच खरं. 18 आठवड्यांखालच्या पिल्लांना, तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) मात्र तो चुरा घालूच नका. जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं कायमची बिघडू शकतात.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्या मीठ जाईस्तोवर धुवा, उकळा, कडक उन्हात वाळवा आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या ठेचा. पीठ करू नका: कवच बहुतांशी रात्री बनतं, जाड कण तोवर पोटात टिकतात, पीठ आधीच निघून जातं. चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, गरजेपुरता कोंबडी स्वतःच टिपते. लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) मात्र दर कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम हवंच.