शेवंतीची कुंडी

"क्राकोवला दीड दिवस पुरतो ना गं?"

हा मेसेज मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. शाळेतली मैत्रीण, नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणी, आईच्या भिशी ग्रुपमधल्या काकू. प्लॅन सगळ्यांचा एकच. प्रागहून बस येणार, सकाळी आउशवित्झ (नाझींची छळछावणी), दुपारी मिठाची खाण, संध्याकाळी चौकात फोटो, रात्री इंडियन रेस्टॉरंटमध्ये डाल तडका आणि दुसऱ्या दिवशी व्हिएन्ना. वर पुढची ओळ ठरलेली: "तिकडं व्हेज काही मिळत नाही म्हणे, आम्ही खाकरे आणि रेडी-टू-ईट घेतलंय."

गेली सहा वर्षं पोलंडमधल्या या गावात (इथले लोक क्राकुफ म्हणतात) राहतेय, तर आज एकदा मनातलं लिहून टाकते. पोलंडमध्ये शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. हाल होतात ते बॅगेतल्या डब्यामुळे. डबा असला की माणूस कुठल्या खानावळीत शिरत नाही, कुणाला काही विचारत नाही आणि घरी जाऊन सांगतो की लोक फार थंड आहेत.

गेल्या ऑक्टोबरात आमची आत्या आणि मामा (आत्याचे यजमान, आमच्याकडे मामाच म्हणतात) कोल्हापूरहून तीन आठवड्यांसाठी आले. आत्या माळकरी. मटणाच्या गावात राहून चाळीस वर्षं पांढऱ्या रश्शाच्या वासाला न भुललेली बाई. तिची बॅग उघडली तर चार किलो पोहे, मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी. सगळं ठेवून घेतलं (चटणी आनंदाने) आणि दुसऱ्या दिवशी तिला बार म्लेच्नीत नेलं.

नावात बार असला तरी इथे दारू नसते. शब्दाचा अर्थ दुधाचा बार. स्वस्त, सरकारी अनुदानावर चालणारी खानावळ. आपल्याकडच्या झुणका-भाकर केंद्राचं मोठं भावंड समजा, फक्त हे टिकलंय. पहिलं वॉर्सात 1896 साली निघालं, कम्युनिस्ट काळात गावोगावी झाली. गंमत अशी की सरकारचं अनुदान मिळतं ते बिनमांसाच्या पदार्थांवर. त्यामुळे दूध, अंडी, पीठ, बटाटा, भाज्या यांचेच पदार्थ सगळ्यात स्वस्त. भिंतीवर यादी, गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घेऊन खिडकीशी उभं राहायचं, खाऊन झालं की ताट आपणच परत नेऊन ठेवायचं. खिडकीतली बाई हसत नाही. तिला पन्नास जणांना वाढायचंय, तिने का हसावं?

आत्यासमोर प्येरोगी रुस्क्ये आले. आकार करंजीचा, काम उकडीच्या मोदकाचं, आत बटाटा आणि त्फारूग नावाचं आंबटसर चीज, साधारण पनीर आणि चक्का यांच्या मधलं. वर परतलेला कांदा. इथे एक सूचना, कागदावर लिहून घ्या: "बेझ स्क्फारेक" म्हणायचं. स्क्फार्की म्हणजे डुकराच्या चरबीचे तळलेले बारीक तुकडे, न विचारता कांद्यासोबत वरून घालतात. आणि दुसरा शब्द "बेझ म्येंसा", मांसाशिवाय. म्येंसो म्हणजे मांस, शब्द ऐकताच ओळखू येतो. ओग्येन म्हणजे अग्नी, दिम म्हणजे धूर, ब्रात म्हणजे भाऊ. आत्या म्हणाली, "मग यांचं-आपलं कधी काळी एकच की!" भाषातज्ज्ञांना हे सांगायला बरीच पुस्तकं लागली.

नंतर बटाट्याचे प्लात्स्की (किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच ते), ब्लूबेरी भरलेले गोड प्येरोगी, उकळलेल्या फळांचं कोमपोत. मामा मांसाहारी, त्यांनी झुरेक मागवलं. राय (rye) नावाच्या धान्याचं पीठ चार-पाच दिवस पाण्यात आंबवून त्या आंबवणाचं सूप, वर सॉसेज आणि उकडलेलं अंडं. आत्याने लांबूनच वास घेतला आणि निकाल दिला: "आंबील आहे ही. यांनी त्यात वाट्टेल ते टाकून बिघडवली." मला इतकी अचूक व्याख्या आजवर कुणी सांगितलेली नाही.

चौकातल्या गाड्यांवर कड्यासारखा पिळाचा पाव मिळतो, ओबवाझानेक. आधी उकळत्या पाण्यात बुडवून मग भाजतात, वर खसखस, तीळ किंवा जाडं मीठ. 1496 साली राजा यान ओल्ब्राख्तने तो करायचा हक्क शहरातल्या पाववाल्यांना दिला होता आणि 2010 पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. त्याला बेगल म्हणालात तर गाडीवाली आजी दुरुस्त करेल. सकाळीच घ्या, संध्याकाळपर्यंत त्याचं चामडं होतं. ओस्त्सीपेक नावाचं धुरावलेलं मेंढीच्या दुधाचं चीज डोंगराकडचं, भाजून क्रॅनबेरीच्या मुरंब्यासोबत देतात. हिवाळ्यात चौकात मिळणारं बरंचसं गाईच्या दुधाचं असतं, चवीला वाईट नाही, पण नाव तेच घेऊन विकतात. काझिम्येश या जुन्या ज्यू वस्तीतल्या प्लात्स नोवी चौकात गोल इमारतीच्या खिडक्यांतून झापिएकांका मिळते, लांब पावावर मशरूम आणि चीज. आत्याला भयंकर आवडली. ती गोल इमारत पूर्वी कोंबड्यांचा कत्तलखाना होती हे तिला आजतागायत सांगितलेलं नाही. कृपया तिला या पोस्टवर टॅग करू नका.

आता वागण्याबद्दल. दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात शिरताना "जेन दोब्री" म्हणायचं, कुणाकडे बघून नाही, सगळ्यांना मिळून. एवढं केलं की निम्मी थंडी उतरते. अनोळखी माणसाला "तू" नाही. पुरुषाला पान, बाईला पानी. (आत्या दोन दिवस "पानी, पानी" करत हसत होती.) आपल्याला अहो-जाहोची सवय असल्याने हे जमतं, इंग्रजी बोलणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. घरात शिरताना चपला बाहेर, यजमान सपाता देतात. उंबरठ्यावरून हात मिळवायचा नाही, अपशकुन. मामांनी शेजारच्या पानींना दारातूनच हात पुढे केला, तर त्यांनी मामांना दंडाला धरून आत ओढलं आणि मग हात मिळवला.

आणि पैशांचा सापळा! बिल देताना नोट हातात ठेवून "जेंकुये", म्हणजे धन्यवाद, म्हणालात तर त्याचा अर्थ होतो "उरलेले तुम्हीच ठेवा." मामांनी 64 झ्लोतींच्या बिलाला 100ची नोट दिली आणि नवीनच शिकलेला शब्द मोठ्या अभिमानाने वापरला. वेटर खूश होऊन गेला तो परत आला नाही. चूक त्याची नव्हतीच.

बाकी ठिकाणांचं मी काय सांगणार. वावेलचा राजवाडा बघा. त्याच्या अंगणात एका कोपऱ्यात पृथ्वीचं चक्र आहे असं मानणारे लोक भिंतीला पाठ लावून उभे असतात, आणि शंकराने फेकलेला दगड इथे पडला असं आपल्यालाच समजावून सांगतात. दर तासाला मारिआत्स्की चर्चच्या मनोऱ्यातून तुतारी वाजते, चार दिशांना चार वेळा, आणि मध्येच तुटते. तेराव्या शतकात तातारांचा बाण वाजवणाऱ्याच्या गळ्यात लागला अशी आख्यायिका. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात, दुपारी बाराची तुतारी 1927 पासून रेडिओवर देशभर ऐकवतात. आउशवित्झला जायचं तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. तिथून परत येऊन खाणीतल्या मिठाच्या झुंबराखाली सेल्फी काढवत असेल तर मला पुढे बोलायचं नाही.

डिसेंबरात आलात तर श्शोपका बघा, चॉकलेटच्या चमकत्या कागदाने मढवलेले येशूजन्माचे देखावे, पण आकार क्राकुफच्या चर्च-मनोऱ्यांचे. 1937 पासून स्पर्धा होते. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांची ही चुलत बहीण. पोरांच्या हट्टापायी बापांनी रात्र रात्र जागायचं तेही सारखंच. जूनमध्ये तातारी वेशातला दाढीवाला लायकोनिक कमरेला लाकडी घोडा बांधून नाचत येतो, त्याच्या गदेचा स्पर्श शुभ. गोव्यातली घोडेमोडणी बघितलेल्यांना तो परका वाटणार नाही.

पण मला सांगायचीय ती कुंडीची गोष्ट.

30 ऑक्टोबरला आत्या एकटीच कोपऱ्यावरच्या बाजारात गेली. बाजारभर शेवंती. पिवळी, पांढरी, जांभळी, घमेल्याएवढ्या कुंड्यांतून. कोल्हापूरच्या बाईला शेवंती दिसल्यावर काय होणार? शेजारच्या पानींनी दोन दिवसांपूर्वी सफरचंदाचा केक पाठवला होता, त्यांना परतफेड म्हणून हिने सगळ्यात मोठी पिवळी कुंडी घेतली आणि मला न विचारता थेट बेल वाजवली.

पोलंडमध्ये कुणाकडे जाताना फुलं न्यायची, विषम संख्येत. सम संख्या मयताला. आणि शेवंती फक्त स्मशानात. बाजारात ती एवढी आली होती कारण 1 नोव्हेंबरला सगळा देश आपापल्या माणसांच्या कबरींवर जातो. म्हणजे साधारणपणे आत्याने जिवंत बाईला तिरडीचं सामान भेट दिलं होतं.

मी धावत गेले तेव्हा पानी दारात कुंडी धरून उभ्या होत्या. मी माफीचं सुरू केलं. त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, मला यावर्षी गुडघ्यामुळे बाजारात जाता आलं नाही. तुमच्या आत्यांना विचारा, परवा माझ्यासोबत येतील का.

त्या दिवशी दुकानं बंद, ट्रॅम खचाखच, प्रत्येकाच्या मांडीवर शेवंती. राकोवित्स्की स्मशानभूमी 1803 सालची, अवाढव्य. अंधार पडायला लागला तशा हजारो काचेच्या पणत्या उजळत गेल्या. कुणी मोठ्याने रडत नव्हतं. लोक कबरी पुसत होते, वाळकी पानं झाडत होते, शेजारच्या कबरीवरच्या कुटुंबाची चौकशी करत होते. आत्याने पदर खोचला आणि पानींच्या यजमानांचा दगड ओल्या फडक्याने पुसून काढला. मग मला म्हणाली, "विचार, त्यांना काय आवडायचं? पान कुठं वाढतात?" मी भाषांतर केलं. पान वाढायची पद्धत नाही, पानी म्हणाल्या, पण त्यांना मियोदेक आवडायचा.

मियोदेक तुरेत्स्की, म्हणजे तुर्की मध. क्राकुफमध्ये तो याच दिवसांत स्मशानाच्या फाटकाबाहेर विकतात. साखर जाळून त्यात दाणे घातलेला कडक तुकडा. नावात मध, प्रत्यक्षात चिक्की. पानींनी बाहेर आल्यावर चौघांसाठी घेतला. आत्याने तिचा अर्धाच खाल्ला आणि उरलेला रुमालात बांधला.

परतीच्या ट्रॅममध्ये तिने तो काढून मामांच्या हातावर ठेवला. मामा म्हणाले, "जेंकुये."

"आता उरलेला परत मागू नका," आत्या म्हणाली.