ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी काढून देते, थांबवतात ते टायर

दरवर्षी ऑक्टोबर लागला की कॅनडात, ओटावातल्या आपल्या मराठी मंडळींत तोच प्रश्न फिरू लागतो. नवी एसयूव्ही घेतली, ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना जातो, मग विंटर टायरचा, म्हणजे खास थंडी-बर्फासाठीच्या टायरचा, वेगळा खर्च कशाला? आणि दरवर्षी कोणीतरी जुनंजाणतं माणूस छातीठोकपणे सांगतं, "काही लागत नाहीत, मी इतकी वर्षं तशीच चालवतोय." मला या उत्तराची खरोखर भीती वाटते. म्हणून माझं मत स्पष्टच लिहिते: टायर लागतातच. आणि खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर साधी फ्रंट-व्हील, म्हणजे फक्त पुढच्या चाकांना जोर देणारी, गाडी घ्या, पण तिला चारही टायर विंटरचे घाला.

आपल्याकडे फोर बाय फोरवर जो विश्वास आहे, तो चिखलातून आलेला आहे असं मला वाटतं. पावसाळ्यात शेताकडच्या वाटेवर गाडी रुतते, एक चाक जागच्या जागी गरगरत राहतं, आणि चारही चाकांना जोर देणारी जीप तिथूनच सहज निघून जाते. तिथला प्रश्न निघण्याचा असतो. थांबायचं म्हटलं तर चिखलच गाडीला धरून ठेवतो. बर्फावर याच्या अगदी उलट. निघणं हा त्यातला सोपा भाग. माणसं मरतात ती थांबता किंवा वळता न आल्यामुळे.

ब्रेक चारही चाकांना असतात. स्वस्तातल्या सेडानलाही आणि महागड्या एसयूव्हीलाही. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी किती अंतरात थांबेल, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावर काढता येतं. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण 0.8 धरला, तर ब्रेक लागल्यापासून 12 मीटरच्या आसपास. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर 0.25 धरला, तर 39 मीटर. गुळगुळीत काचेसारख्या बर्फावर तो 0.1 पर्यंत खाली येतो, आणि मग जवळजवळ 98 मीटर लागतात. ब्रेकवर पाय जाईपर्यंत कापलेलं अंतर यात धरलेलंच नाही. या गणितात इंजिनचा जोर किती चाकांना जातो, याला जागाच नाही. गाडीच्या वजनालाही नाही. ते दोन्ही बाजूंनी कटून जातं. उरतो तो फक्त रबर आणि रस्ता यांच्यातला संबंध. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. कॅनडात सप्टेंबर 2011 पासून बनणाऱ्या गाड्यांना सक्तीची झालेली ईएससी गाडी भरकटू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करू पाहते. दोन्ही उत्तम आहेत, पण टायरने जेवढी पकड दिली असेल तेवढीच त्यांच्या हाती असते. त्यात भर घालणं त्यांना जमत नाही.

मला सगळ्यात धोकादायक वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. फ्रंट-व्हील गाडी सिग्नलवरून निघताना जराशी घसरली, चाक फिरलं, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकला, की डोक्यात लगेच नोंद होते: आज रस्ता वाईट आहे, जपून. ऑल-व्हील गाडी ही सूचना देतच नाही. आजकालच्या बहुतेक गाड्यांत पुढची चाकं घसरू लागली, किंवा घसरतील असा संगणकाला अंदाज आला, की मधला क्लच घट्ट होतो आणि जोर मागच्या चाकांकडे वळतो. हे इतक्या झटपट आणि गुपचूप होतं की चालवणाऱ्याला काही कळत नाही. गाडी झोकात निघते, आणि तो रस्त्याबद्दल निर्धास्त होतो. मग हायवे 417 वरून ओटावाच्या कनाटा उपनगराच्या एक्झिटला उतरताना, जिथे वेग कमी करायचा असतो आणि त्याच वेळी वळायचंही असतं, तिथे पहिल्यांदा समजतं की खाली बर्फ होता. माझ्या ओळखीचा नाशिकचा एक मुलगा तिथेच घसरत कठड्याला जाऊन लागला. थोडक्यात वाचला. नंतर मला म्हणाला, "ताई, निघताना तर गाडी जरासुद्धा हलली नव्हती." मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका वाक्यात आलं.

आता रबराकडे येऊ. तापमान साधारण 7 अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी आणि ऑल-सीझन, म्हणजे गाडीबरोबर येणाऱ्या नेहमीच्या, टायरचं रबर कडक होऊ लागतं. थंडीत थिजलेलं तूप चमच्याला जसं दाद देत नाही, तसं ते रस्त्याच्या बारीक खडबडीतपणाला दाद देत नाही. म्हणजे बर्फाचा कणही नसलेल्या, कोरड्या पण उणे 15 च्या सकाळीसुद्धा पकड कमी झालेली असते. विंटर टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त असते, त्यामुळे ते थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. त्या बर्फाला कडांनी धरतात, आणि मोठ्या खाचांत बर्फ भरून राहतो. भरलेला तर भरू द्यावा, कारण बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. म्हणून नक्षीची खोलीही महत्त्वाची. 4 मिलिमीटरच्या जवळ झिजलेला टायर बर्फात वापरू नये, असं कॅनडाचं वाहतूक खातं सांगतं. आपल्याकडे टायर पार गोटा होईपर्यंत चालवण्याची सवय असते. ती इथे सोडून द्या.

टायर घेताना बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह बघा. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. ते नक्षीच्या आकारावरून लावतात, बर्फावरच्या चाचणीवरून नाही. डोंगराचं चिन्ह मात्र चाचणीनंतरच मिळतं. तरी एक बारकावा लक्षात असू द्या. ती चाचणी मुळात दाबलेल्या बर्फावर पुढे ओढण्याच्या ताकदीची आहे. गुळगुळीत बर्फावर टायर कसा थांबतो, हे तिच्यात मोजलेलं नसतं. म्हणून वर्षभर चालणाऱ्या ऑल-वेदर टायरवर हे चिन्ह असलं, तरी तो अस्सल विंटर टायरच्या बरोबरीचा झाला असं समजू नका. टोरांटोत, शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांना तो चालून जाईल. ओटावाच्या हिवाळ्याला मी तो पुरेसा मानत नाही.

आमच्याकडे तर नदी ओलांडली की कायदाच बदलतो. पलीकडे गातिनो, म्हणजे क्यूबेक प्रांत. तिथे नोंदलेल्या गाड्यांना 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. हा नियम 2008 च्या हिवाळ्यात आला. आधी तो 15 डिसेंबरपासून लागू व्हायचा, 2019 पासून तारीख अलीकडे आणली. नदीच्या या काठावर ओटावात, म्हणजे ऑन्टारिओ प्रांतात, सक्ती नाही. 2016 पासून विमा कंपन्यांनी विंटर टायरवाल्यांना सवलत द्यायचीच, एवढा नियम आहे. एकाच नदीच्या दोन काठांवर तोच बर्फ पडतो, तेच लोक रोज कामाला पूल ओलांडून जातात. मला ऑन्टारिओचं हे धोरण चुकीचं वाटतं. उत्तरेकडच्या लांब, सुनसान रस्त्यांवर राहणाऱ्यांसाठी तरी सक्ती हवी, आणि परवडत नसेल त्यांना मदतही हवी.

पैशाचा मुद्दा मी हलका मानत नाही. लहान गाडीचे रिमसकट चार टायर हजार ते दीड हजार डॉलरच्या घरात जातात, आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला ती मोठी रक्कम आहे. पण ते चार महिने चालतात तेव्हा दुसरा संच विश्रांती घेत असतो. दोन्ही तेवढे जास्त टिकतात. वापरलेले घेणार असाल तर टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, ती बनल्याची तारीख असते. 3221 म्हणजे 2021 चा 32 वा आठवडा. आणि पैसे वाचवायला फक्त पुढे दोन विंटर टायर लावू नका. पुढची चाकं धरतील, मागची सुटतील आणि वळणावर गाडी भोवरा होईल. घ्यायचे तर चारच. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालाल, त्याच दिवशी टायर बदलायची वेळ घेऊन टाका. पहिला बर्फ पडला की कुठल्याही गॅरेजात जागा मिळत नाही.

ऑल-व्हील ड्राइव्ह वाईट आहे असं मी म्हणत नाही. रस्त्यावरचा बर्फ बाजूला लोटणारी नांगराची गाडी जाते आणि तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जाते, तेव्हा तिची किंमत कळते. गातिनोच्या टेकड्यांत चढावर थांबून पुन्हा निघायचं असेल तेव्हाही. विंटर टायर लावलेली ऑल-व्हील गाडी ही या हवेतली सर्वोत्तम जोडी आहे, यात वाद नाही. फक्त गोठणारा पाऊस पडत असेल, तर कुठलीच जोडी घेऊन बाहेर पडू नका.

भारतातल्या माझ्या भावंडांसाठीही थोडं. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही मनालीच्या पुढे गाडी न्यायचा मोह वाढला आहे. ताजा बर्फ पडला की तिथे बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर आणि चेन लावलेल्या गाड्या सोडतात. त्यातलं फोर बाय फोर वर चढायला आहे, चेन खाली उतरायला. सोलंगच्या उतारावर सकाळचा निसरडा थर असताना पुण्याहून आणलेल्या टायरवर उतरू नका, गाडी कितीही दणकट असो. स्थानिक ड्रायव्हर थांबा म्हणाला तर थांबा.

आणि आई-बाबा फेब्रुवारीत येणार म्हणून टोरांटोहून भाड्याची गाडी घेऊन क्यूबेक सिटीचा हिवाळी उत्सव दाखवायला निघणार असाल, तर गाडी ताब्यात घेताना टायरवरचा डोंगर आधी शोधा. क्यूबेकमध्ये भाड्याच्या गाड्यांनाही सक्ती आहे, ऑन्टारिओत नाही. काउंटरवरचा माणूस "सर, ही ऑल-व्हील आहे" असं सांगेल. विंटर टायरवाली दुसरी गाडी मागा, नसेल तर बुकिंग रद्द करा आणि ट्रेनने जा.